मरळीची लाल पिल्लं

बदलापूरच्या पुढे आमचं गाव. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी अंबरनाथला पश्चिमेला राहायला आले. काका गावातच राहिले, भातशेती आणि गावतळं सांभाळायला. तळ्यावर त्यांची हुकमत होती आणि ती त्यांना आवडायचीही.

तळ्यात मरळी होत्या. इतर माशांसारखी नाही, मरळ पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात लालभडक पिल्लांचा घोळका पाण्यावर तरंगतो आणि खाली नरमादी पहाऱ्याला असतात. त्या जोडीला हात लावायचा नाही, हा गावाचा कायदा. जोडी गेली की खंड्या आणि इतर मासे मिळून घोळका बघता बघता संपवतात. पाणी आटू लागल्यावर जाळं टाकायचं, लहान मरळ परत सोडायची. एवढ्यावर गाव मासे खात आलं होतं आणि तळं कधी रिकामं झालं नव्हतं.

पन्नास सालानंतरच्या एका श्रावणात तिथे मत्स्यविकासाचा समारंभ झाला. बँड, हार, पाहुण्यांवर धरलेली छत्री. पाहुण्यांनी मडकंभर माशांची पिल्लं तळ्यात सोडली. आमच्या मरळींनी त्या मदतीचा जागच्या जागी स्वीकार केला. मग काका बोलायला उठले, माझ्या वडिलांचा कोट घालून.

"मंडळी, लाल पिल्लं दिसली की समजायचं, हातभर खाली आई आहे. ती भुकेनं नाही, रागानं गळावर झेप घेते. म्हणून तिथं गळ टाकायचा नाही!"

टाळ्या झाल्या. "अत्यंत उपयुक्त माहिती," पाहुणे म्हणाले.

मागे बसलेली काकू मला म्हणाली, "तुझ्या काकांनी आज तळ्याचं गावजेवण घातलं बघ."

पुढच्या रविवारी समारंभाला आलेले आमचेच अंबरनाथचे शेजारी पुन्हा आले, कॅम्पातल्या बाजारातून नवे गळ विकत घेऊन. पुतण्याचे शेजारी म्हणजे पाहुणे. त्यांना हाकलणार कसं? काकूनं चहा केला. काका काठावरून विनवत होते, "अहो, पिल्लं आहेत तिच्यापाशी!"

"म्हणून तर इथे बसलो, काका! तुम्हीच सांगितलंत ना!"

त्यात कुचेष्टा नव्हती. माणसं खरोखर कृतज्ञ होती. जाताना त्यांनी काकांना एक मरळ देऊ केली. काकांनी घेतली नाही. वर त्यांची माफी मागितली.

त्यानंतर दर रविवारी कोणी ना कोणी येऊ लागलं. मग गावातले म्हणू लागले, "परके नेतात, तर आम्हीच का सोडायच्या?" काका कोणालाच अडवू शकले नाहीत. भाषण त्यांचंच होतं.

दोन पावसाळ्यांनी मी गेलो तेव्हा तळं तुडुंब होतं. लाल घोळका कुठेही नव्हता. काका दुपारपासून काठावर बसले होते.

"खोल गेल्या असतील," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

"मरळीला श्वास घ्यायला वर यावं लागतं रे. पाण्यात राहून भागत नाही तिचं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. पाणी सपाट होतं. अंधार पडू लागल्यावर काकू बोलवायला आली. "चला आता, दिसायचं नाही काही."

"थांब जरा," काका म्हणाले. तीही बसली.