आप्पांच्या शेतासाठी ऑसिलोस्कोप

आमच्या घरी फ्रिज घेतला तेव्हा दुकानदाराने मागवलेला चहा यायच्या आत आमचं ठरलं होतं. ऑसिलोस्कोप निवडायला मात्र मी उन्हाळ्याचा बराच भाग घालवला आणि तेवढे दिवस घरात दुसरा विषय काढू दिला नाही. नवरा ताटावर बसला की मी त्याला मेगाहर्ट्झ वाढायचे. "अगं, आधी पोळी वाढ," असं तो म्हणायचा आणि मी पोळी वाढता वाढता दोन चॅनल बरे की चार यावर बोलत राहायचे.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपला साधा मीटर विजेला फक्त "बरं आहे का?" एवढंच विचारतो, आणि रस्त्यात भेटलेल्या माणसासारखी वीजही "बरं आहे" म्हणून पुढे जाते. मीटरवर पाच व्होल्ट दिसतात आणि आपण खूश. ऑसिलोस्कोप त्याच विजेची चाल पडद्यावर रेघेने काढून दाखवतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत काही घसरलं तरी रेघेत ते दिसतं. मी बदनापूरला एका ऑफिसात नोकरी करते, जालन्याहून रोज गाडीने ये-जा, आणि इलेक्ट्रॉनिक्स हा माझा नुसता नाद. जालन्यात मस्तगडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात कांद्या-बटाट्याच्या जाळीशेजारी माझं सोल्डरिंग आयर्न असतं. पण इतकी वर्षं नुसत्या मीटरवर भागलं होतं. स्कोपची गरज पडली ती आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते धावड्याला असतात, शेत गावापासून लांब आहे आणि यंदा मिरची होती. विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करता यावी म्हणून मी त्यांना एक डबा बनवून दिला होता. डब्याच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू. बाजारात असे तयार डबे मिळतात, पण मला स्वतःच्या हाताने करायचा होता. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यावरून पाच व्होल्टचा पुरवठा आणि सगळा कारभार सांभाळणारी एक चिप. जालन्यात माझ्या टेबलावर तो आठवडाभर एकदाही अडखळला नाही. शेतात मात्र त्याचं काही खरं नव्हतं. मोटर चालू व्हायची आणि मध्येच कधीतरी गुपचूप बंद पडायची. आप्पा मिरची भिजली असं धरून चालायचे आणि दुसऱ्या दिवशी वाफे कोरडे.

मी दोनदा जाऊन आले. मीटर लावला, पाच व्होल्ट बरोबर. सोल्डरिंगचे सगळे टाके पुन्हा मारले. मी असताना डबा असा शहाण्यासारखा वागायचा की आप्पांना माझा संशय यायचा आणि मला आप्पांचा.

शेवटी त्यांनी फोनवर सांगून टाकलं. "हे पाय, तुझा डबा म्या ठेवला, पर मिरची काय तुझ्या डब्यासाठी थांबणार न्हाई. भोकरदनहून दुकानातला आणून कोनाड्यात ठेवलाय. आता एकदा जरी बंद पडला तर तुझा काढून माळ्यावर टाकतो, बराबर?"

बराबर कसलं! मला इतकं लागलं की मी कुकरची शिट्टी मोजायची विसरले. मी इंजिनिअर नाही, कॉलेजात शिकले ते वाणिज्य. माझ्या या नादाला माहेरी सगळे "तिचं खेळणं" म्हणत आले. त्यातलं एक खेळणं पहिल्यांदाच कामाला लागलं होतं, तेही आप्पांच्या भिंतीवर, आणि ते माळ्यावर जायच्या बेतात होतं. काहीही झालं तरी डबा खाली उतरू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. त्यासाठी आत काय होतंय ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. त्याच महिन्यात माझा भिशीचा नंबर लागला आणि मी बाजारात उतरले. म्हणजे मोबाइलवर उतरले.

काय मजा होती त्या दिवसांत! गाडीत खिडकी मिळाली की कानात हेडफोन आणि समोर स्कोपचे व्हिडिओ. सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसता उघडा बोर्ड, आपणच जोडायचा, पडदा काडेपेटीएवढा. तो बघून मन हरखलं, पण त्यात एकदाच होऊन गेलेली घसरण पकडून धरायची सोय धड नव्हती, आणि मला तर तीच हवी होती. मग लॅपटॉपला जोडायचा एक. तोही चांगला, पण आमचा लॅपटॉप चार्जर काढला की मान टाकतो. मग आला टेबलावरचा. मोठा पडदा, गोल गोल बटणं, रेघ अशी तुकतुकीत की पाहत राहावं. मी त्याच्या प्रेमातच पडले म्हणा ना. स्टेशनवर उतरायचं राहून एकदा गाडीबरोबर पुढे जायची वेळ आली होती.

नवऱ्याने शांतपणे विचारलं, "आणि हा लावणार कुठे? तिथे तीन पिनचा बोर्ड आहे का?"

मी आप्पांना फोन केला. विहिरीजवळच्या खोलीत स्टार्टर आणि डबा होता, तिथे अर्थिंगसकट सॉकेट आहे का, असं विचारलं.

"बोर्ड कुठला आलाय?" आप्पा म्हणाले. "तीन फेज येत्यात, न्यूट्रल न्हाईच की इथं. बल्ब, तुझा डबा, म्हशीची छोटी मोटर, समदं एक फेज आन् अर्थिंगवर चालतंय. तुला ठावं न्हाई व्हय?"

ठावं होतंच की. आमच्याकडे शेतात वीज परत नेणारी न्यूट्रलची वायर क्वचितच येते. म्हणून बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळईला. उन्हाळ्यात बल्ब मंद झाला की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, लगेच उजेड वाढतो. लहानपणी ती बादली ओतायचं काम माझंच होतं. डबा आप्पांनी तसाच जोडला तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या फोनने माझा टेबलावरचा लाडका गेला. त्याची चिमट्याची वायर आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते, आणि जिथे अर्थिंगमधूनच वीज खेळते तिथे तो लावणं म्हणजे आगीशी खेळ. शेवटी मी बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा, दोन चॅनलचा स्कोप मागवला. पडदा तळहाताएवढा. कागदावर तो टेबलावरच्यापेक्षा कितीतरी हळू, पण मला काही उपग्रह सोडायचा नव्हता. घसरण एकदाच आली तरी पकडून पडद्यावर धरून ठेवायची सोय त्यात होती. पार्सल आलं तेव्हा मी ते ऑफिसात उघडलं. साहेबांनी विचारलं काय आहे, मी म्हटलं बीपीचं मशीन. खोटं बोलले, पण समजावून सांगायला फार वेळ लागला असता!

रविवारी सकाळी आम्ही धावड्याला. डब्यात फेजच्या विजेचा काही संबंध येणार नाही अशा जागी, पाच व्होल्टच्या तारेला, मी चिमटा लावला. स्कोप सज्ज केला. रेघ सरळ. आप्पांनी मिस्ड कॉल दिला, मोटर सुरू झाली, रेघ सरळच. वाट बघितली. माझे दोन्ही डोळे त्या पडद्यावर. नवरा दारात बसून शेंगा खात होता.

आप्पा कंटाळले. "तू बस बघत. म्या म्हशी धुऊन घेतो," म्हणत ते बाहेर गेले. हौदावर एक अर्ध्या हॉर्सपॉवरची छोटी मोटर होती, तिने ते म्हशींवर पाणी मारायचे. त्यांनी तिचं बटण दाबलं. ती भर्रकन ओरडत सुरू झाली आणि त्या आवाजात माझ्यामागे स्टार्टर खटकन पडून विहिरीची मोटर बंद झाली ते मला ऐकूही आलं नाही. पण पडद्यावर रेघ थबकली होती. सरळ सरळ येऊन मध्ये एक खड्डा, आणि पुन्हा सरळ.

सापडलं! मी अशी किंचाळले की म्हैस दाव्याला हिसका देऊन उठली.

आप्पा पाइप हातात घेऊनच आले, पायापर्यंत भिजलेले. मी डबा पुन्हा सुरू केला आणि त्यांना छोटी मोटर बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा खड्डा. पुन्हा डबा गप्प. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. छोटी मोटर सुरू होताना एकदम जोर घेते. तो सगळा जोर त्याच एका सळईतून जमिनीत जाणार, आणि त्याच सळईवर बिचारा माझा डबा उभा. जमीन उन्हाने वाळलेली. डब्याची वीज क्षणभर आटायची, चिप विसरून जायची की ती काय करत होती. जालन्यात घरी न्यूट्रल होता म्हणून तिथे सगळं गोड. उत्तर आप्पांनी मला फोनवर केव्हाच दिलं होतं आणि मी त्यावरून फक्त स्कोप निवडला होता!

आप्पा पडद्याकडे वाकून बघत होते. "म्हंजी रोज म्हशी धुताना म्याच बंद पाडून राह्यलो व्हय?"

"तुम्हीच," मी म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना.

ते तसेच बाहेर गेले. मोटर बंद असल्याची खात्री केली, हौदातून बादली भरली आणि अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली. माती चरचर पाणी प्यायली. मग त्यांनी डबा सुरू केला, छोट्या मोटरचं बटण दाबलं. रेघेतला खड्डा निम्म्यावर आला! डबा चालूच राहिला. आयुष्यभर ते पाणी ओतत आले होते, आणि त्या पाण्याने आत काय होतं ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं. "अजून एक टाकू का?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता टाकलीही. तिसऱ्या बादलीला नवरा उठून मदतीला गेला. मी तिथे उभी राहून दोघांना ओरडत होते, "कमी झाला! अजून कमी झाला!"

अर्थात डबा बादलीवर चालवायचा नव्हता. पुढच्या रविवारी मी त्यात दोन फेजवर चालणारा ट्रान्सफॉर्मर बसवला. आता डब्याला अर्थिंगकडे हात पसरायची गरजच उरली नाही. आप्पांनी म्हशी धुतल्या, छोटी मोटर तीन-चारदा मुद्दाम बंद-चालू केली, आणि रेघ ढिम्म हलली नाही. दुकानातल्या डब्याबद्दल मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. कोनाड्यात मात्र तो दिसला नाही.

मग एका सकाळी मी गाडीत होते, बदनापूर यायचं होतं, आणि आप्पांचा फोन आला. पलीकडे चार माणसांचा गलका ऐकू येत होता.

"आगं, शेजारच्या मळ्यातबी मोटर आपोआप बंद पडून राह्यली. दुकानातला डबा हाय, नवा कोरा. म्या सांगितलं, आपल्या डब्यालाबी हेच झाल्तं. आमची पोरगी येती आन् आतली रेघ काढून दाखवती, मंग कळतं."

आपला डबा, म्हणाले ते. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐकतीस ना? रविवारी ये. तू तुझा तो टीव्ही आण, बादली म्या भरून ठेवतो."