कूलर कोण भरतं

माझं वय एकोणपन्नास आणि मी हॉस्टेलमध्ये राहते. हे लखनौत इतक्या जणांना सांगून झालंय की समोरच्याचा चेहरा कसा बदलत जाणार, ते मी आधीच करून दाखवू शकते. आधी भुवया वर जातात, मग मान तिरकी होते आणि मग प्रश्न येतो, "अच्छा, तो वॉर्डन हैं आप?"

वॉर्डन नाही हो, विद्यार्थिनी. एलएलबी, पहिलं वर्ष. नवरा रेल्वेत इंजिनिअर, त्यामुळे सव्वीस वर्षं बदल्यांमागे फिरण्यात गेली. लग्नाआधी अर्धवट सोडलेला कायदा प्रत्येक बदलीत ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसायचा. मुलगा नोकरीला लागला आणि मी ट्रंक उघडली. नवरा तेव्हा लखनौपासून सहा तासांवरच्या एका जंक्शनला होता. तिथे चहा उत्तम मिळतो, कायदा शिकवत नाहीत.

कॉलेजने हॉस्टेलची जागा दिली, पण माझ्या वयाकडे बघून एक अट घातली. रूममेट्सनी तक्रार केली किंवा खोलीत भांडण झालं, तर जागा सोडायची. जागा गेली की शिक्षण गेलं, कारण शहरात एकटीने वेगळं बिऱ्हाड थाटणं आम्हाला जमणारं नव्हतं. मी हसत सही केली. भांडण आणि मी?

खोलीत आणखी दोघी. एक मलिहाबादची, घरी दशहरी आंब्याच्या बागा. बोलण्यात इतकी अदब की तिने खिडकी उघडू का म्हणून विचारलं तरी आपण उठून नमस्कार करावासा वाटतो. दुसरी कानपूरची मराठी मुलगी, वडील बँकेत. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच. दोघींनी पहिल्या दिवशी मला आंटी म्हटलं. मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "मीही फर्स्ट इयरच." तडजोड झाली. मलिहाबादची दीदी म्हणू लागली आणि कानपूरची काकू. काकू हा तिच्या तोंडून येणारा एकमेव मराठी शब्द होता.

सगळं छान चाललं होतं. मग एप्रिल संपत आला, लूचे भाजणारे वारे सुटले आणि खिडकीतला पत्र्याचा कूलर चालू झाला. त्याला पाच बादल्या पाणी लागतं आणि नळ कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला. मी लगेच कार्डशीटवर वेळापत्रक केलं. तीन रंगांची स्केचपेनं, सोमवार ते रविवार, सकाळी सहा वाजता कोण पाणी भरणार ते. ते कपाटावर चिकटवलं.

"जी दीदी, बिल्कुल," मलिहाबादची म्हणाली. "कितने प्यारे रंग हैं।"

मंगळवार तिचा. सहा वाजले, सव्वासहा वाजले. बाईसाहेब झोपल्या होत्या, झोपेतसुद्धा अदबीने, हात छातीवर जुळवून. शेवटी मीच बादली उचलली. शक्य तितकी आपटली. गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" केलं, जरा लांबवून. तिने एक डोळा उघडला. "अरे दीदी, आपने क्यों तकलीफ़ की?" आणि कूस बदलली.

बुधवार कानपूरचा. तिने डोळाही उघडला नाही.

असे तीन आठवडे. रोज पाच बादल्या मी भरत होते आणि भरताना भिंतीशी बोलत होते. "काही लोकांना घरी कामाची सवयच लावत नाहीत," मी भिंतीला सांगायचे. "काही लोक नुसतं गोड बोलतात." भिंत ऐकून घ्यायची. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घे, पाणी आपोआप भरेल."

"अहो, मी माणसांबद्दल बोलतेय!"

"माणसांना बसत नाही, म्हणून कूलरचं सांगितलं."

शेवटी मी संप केला. एका सोमवारी उठले, नळाकडे पाहिलंसुद्धा नाही, पुस्तकं घेऊन लायब्ररीत गेले. तिथे एसी आहे, त्यामुळे पाचपर्यंत तिथेच बसायची माझी सवय. संध्याकाळी खोलीत आले तर भट्टी! कूलर कोरडा, आतून गरम झोत येत होता. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी वाट पाहिली. कानपूरच्या मुलीने ओली ओढणी डोक्यावर घेतली. मलिहाबादची खिडकीकडे बघून म्हणाली, "आज हवा में कुछ ताज़गी है, नहीं?"

ताजगी! चादर हाताला चटका देत होती. तीन दिवस आम्ही तिघी भाजत राहिलो आणि कुणी एक अक्षर काढलं नाही. परीक्षा चार-पाच दिवसांवर आलेली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी वॉर्डनबाईंना खोली बदलून मागणारा अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला कायदेशीर मसुदा, मग काय, हिंदीत, मुद्देसूद लिहिला. एक रूममेट मिठबोली कामचोर, दुसरी बेपर्वा आणि सुस्त. दिला आणि हलकी होऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं म्हणून दुपारी दोनलाच खोलीवर आले. कानपूरची बादलीत पाय सोडून जमिनीवर बसलेली. मलिहाबादची वहीने वारा घेत होती.

"इतकं होतंय तर कूलर का भरत नाही तुम्ही?" मी ओरडलेच.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "काकू, आपके घुटनों की वजह से," कानपूरची म्हणाली.

मग हळूहळू उलगडा झाला. सकाळचं पाणी बारापर्यंत संपतं. रोज मेसमधून जेवून आल्यावर दीड वाजता या दोघी आळीपाळीने पुन्हा पाच बादल्या भरत होत्या. मी सहाला उठतेच, तेव्हा सकाळ माझी आणि दुपार त्यांची, असं त्यांनी धरलं होतं. वेळापत्रक मी हौसेने केलंय असं त्यांना वाटलं. मी भरायचं थांबवलं तेव्हा त्या समजल्या, गार हवेने दीदींचे गुडघे धरले असणार आणि बिचाऱ्यांना सांगायला संकोच वाटतोय. म्हणून त्यांनीही बंद केलं.

"पण मला सांगायचं तरी!"

"इसमें बताने वाली क्या बात थी, दीदी?"

कूलर दिवसातून दोनदा भरावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं रेल्वेच्या बंगल्यांमध्ये राहिले. तिथे कूलर मला कायम भरलेलाच दिसला. तो कोण भरतं हे मी कधी विचारलं नाही, आणि घरी कामाची सवय नसण्यावर भिंतीला व्याख्यानं देत होते.

तशीच धावत वॉर्डनबाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्ज नोंदवला गेलाय. मागे घ्यायचा असेल तर दोन्ही रूममेट्सनी तो वाचून त्यावर 'हरकत नाही' अशी सही करायची. शनिवारपर्यंत. नाहीतर खोलीत भांडण झालं असंच धरलं जाईल आणि अट तुम्हाला माहीत आहे."

"वाचून?"

"पढ़कर," त्या म्हणाल्या.

मलिहाबादच्या मुलीने उभं राहून, स्वच्छ उच्चारात, मोठ्याने वाचला. माझी हिंदी इतकी सुंदर कधीच वाटली नव्हती. 'मिठबोली कामचोर'पाशी ती थांबली. "यह मैं हूँ?"

"हो."

"अच्छा." तिने सही केली. "दिल से लिखा है आपने." दोन थपडा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कानपूरच्या मुलीने कागद घेतला, मनात वाचला, घडी करून पुस्तकात ठेवला. "मैं नहीं करूँगी." आणि अंघोळीला गेली.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी दोन्ही वेळचं पाणी भरायला गेले, तर हातातून बादली काढून घेतली. माझी ट्रंक मला पुन्हा बंद होताना दिसू लागली. शेवटी तिच्या पलंगावर जाऊन बसले. "काय करू, सांग."

ती अडखळत, चक्क मराठीत बोलली. "काकू, तुम्ही रोज भिंतीला बोलत होता. मला सगळं समजत होतं. मला का नाही बोललात?"

"बोलले असते तर भांडण झालं असतं. माझी जागा गेली असती."

"तो कर लेतीं झगड़ा! चिट्ठी क्यों लिखी?"

"मग आता करू?"

"करो!"

केलं. माझ्या खुर्चीवरचा ओला टॉवेल, मोरीतले केस, नेलपॉलिशचा वास, सगळं मी काढलं. तिने माझा पाच-पाच मिनिटांनी वाजणारा अलार्म काढला आणि स्पीकरवर नवऱ्याशी होणारा व्हॉल्व्हसंवाद काढला. मलिहाबादची मध्ये बसून "अरे, अरे" करत होती. मग मान खाली घालून म्हणाली, "दीदी, वैसे... वह टाइमटेबल बहुत बदसूरत है."

वीस मिनिटांनी घसे बसले. कानपूरच्या मुलीने पुस्तकातून कागद काढला आणि पेन इतकं दाबून सही केली की पलंगावरच्या गादीलाही ती कळली असेल.

शनिवारी सकाळी तिघी वॉर्डनबाईंपुढे रांगेत उभ्या राहिलो. त्यांनी सह्या तपासल्या. "यावरून खोलीत काही भांडण वगैरे झालं नाही ना?"

"तौबा," मलिहाबादची म्हणाली. तिचा आवाज जरा बसलेला होता. आम्हा दोघींना तर बोलायची सोयच नव्हती, आम्ही नुसत्या माना हलवल्या. शिक्का बसला.

जिन्याच्या पहिल्या वळणावर कानपूरच्या मुलीने मला थांबवलं आणि बसक्या आवाजात कुजबुजली. "काकू, एक राहिलं. तुम्ही घोरता."

"मी? शक्यच नाही. हिला विचार!"

मलिहाबादची कठड्याकडे बघत राहिली. "ज़रा-सा, दीदी," ती म्हणाली. सोमवारी पहिला पेपर होता, तरी तिथेच पायरीवर बसून मी बाजू मांडायला सुरुवात केली.