केरू फौजीचा कान

औंधाच्या पाठीमागं बोडक्या डोंगरांची जी रांग आहे, तिच्यात कोंबडदरा नावाची घळ आहे. घळीच्या दोन्ही अंगांना चपट्या दगडांचा माळ. पाऊस तिकडं फारसा फिरकत नाही, माणूस कामाशिवाय फिरकत नाही. फुरशांना, त्या विषारी सापांना, मात्र जागा पसंत पडलेली. दरेक दगड म्हणजे त्यांच्या दृष्टीनं बांधून तयार घर, घरपट्टी माफ.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात याच माळावर रोजगार हमीतून चर खणायचं काम निघालं. पहिल्याच दिवशी एका बाईनं दगड उचलला, खाली मातकट वेटोळं दिसलं, आणि सगळ्या बाया घमेली टाकून पायथ्याला येऊन बसल्या. मुकादम आप्पासोंनी समजूत काढली, "आगं, फुरसं म्हंजे वीतभर किडूक. त्याला काय भ्यायचं?"

"मग तुमीच उचला की दगड," त्यांच्यातली मनुबाई म्हणाली.

आप्पासोंना तेवढ्यात हजेरीचं काम आठवलं.

म्हणून केरू रोकड्याला बोलावणं गेलं. केरू पलटणीतनं पेन्शनीवर आलेला. सगळी नोकरी उखळी तोफेच्या तुकडीत, त्यामुळं गावात नाव 'केरू फौजी'. पण त्याची खरी विद्या पलटणीतली नव्हती. लहानपणी याच माळावर शेरडं राखताना तो फुरसं शोधायला शिकला होता, आणि ते डोळ्यांनी नाही, कानानं. फुरसं फुत्कारत नाही. वेटोळं करून अंगाला अंग घासतं आणि तापल्या तव्यावर पाण्याचा हात मारावा तसा खर्रर्र आवाज येतो. केरू ऊन चढल्यावर माळावर जायचा, दगडावर सळई वाजवायचा आणि थांबायचा. खर्र झालं की दगडाची पलीकडची कड आपल्याकडं उचलायची. म्हणजे दगड ढालीसारखा मधे राहतो. मग वाकड्या सळईनं फुरसं उचलून डालड्याच्या डब्यात. संध्याकाळी डबा घळीच्या पल्याड नेऊन मोकळा.

आणि दगड गप्प राहिला, तर त्यावर चुन्याचा एक फराटा.

त्या फराट्याला सहीशिक्क्याची किंमत आली. चुना असलेला दगड बाया बघतसुद्धा नसत. गप्पा मारत उचलायच्या. त्या बायांत केरूची बायको भामाबाईही होती. केरूच्या अंगात मग पुन्हा वर्दी शिरली. सकाळी आप्पासोंना तो "इधर से उधर तक क्लिअर" असं सांगायचा, आणि आप्पासोही उगीच ताठ उभे राहायचे.

एक गोष्ट मात्र केरूनं कुणाला सांगितली नव्हती. काम निघायच्या आदल्या हिवाळ्यात एकदा अंगणात बसून तो म्हणाला होता, "यंदा रातकिडं लय कमी झाल्यात. दुष्काळाचा गुण." भामाबाई त्याच्याकडं बघतच राहिली होती, कारण रातकिडे इतके ओरडत होते की तिला त्याचं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं. पुढं पेन्शनीचं काम आहे सांगून केरू मिरजेला गेला. तिथल्या डॉक्टरनं कानाला यंत्र लावून सांगितलं, "जाड आवाज शाबूत आहेत, बारीक बरेचसे गेलेत, उरलेलेही जातील. तोफेनं नेले. परत यायचे नाहीत."

केरूला ते फार मनाला लागलं नाही. मोटार ऐकू येत होती, आप्पासो ऐकू येत होते. बायकोचं ऐकू येत नव्हतं, पण घरात बायकोचं ऐकू न येणं हा गावात कुणालाच आजार वाटत नव्हता. फुरशाचा आवाज बारीक की जाड, याचा त्यानं विचार केला नाही. म्हणजे एकदा मनात आला होता. त्यानं तो तिथंच बसवला.

काम वर सरकत गेलं तशी त्याच्या डब्यात फुरशी कमी यायला लागली. केरूनं ती आपली करामत धरली. "माळ साफ होत आला," तो सांगत सुटला.

एका दुपारी भामाबाई चुन्याचा दगड उचलायला वाकली आणि हात लावायच्या आत थबकली. खालून तापल्या तव्यावरच्या पाण्याचा आवाज येत होता. ती ओरडली नाही. मागं सरली आणि हातानं केरूला बोलावलं.

"ह्येच्याखाली हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"काय?"

आता आली पंचाईत. मोठ्यानं बोलावं तर सगळ्या बायांना कळणार, हळू बोलावं तर ज्याला सांगायचं त्यालाच कळेना. तिनं दगडाकडं बोट केलं. केरूनं फराटा बघितला. स्वतःचाच होता. त्यानं सळई वाजवली, कान खाली नेला.

"काय न्हाई गं."

भामाबाईनं बोट तसंच दगडावर रोखून धरलं. मग त्यानं कड उचलली.

फुरसं होतं. डोक्यावर बाणासारखी खूण, वेटोळ्यात वेटोळं फिरवत अंग जोरजोरात घासत होतं. केरू बघत राहिला. पलटणीत पडद्यावर सिनेमा लावायचे, मधेच आवाज जायचा आणि चित्र तेवढं चालू राहायचं. तसं ते दिसत होतं.

"काय घावलं का वो?" लांबून मनुबाईनं हाळी दिली.

"न्हाई, ह्यांची तंबाखूची पिशवी पडलीया," भामाबाईनं सांगितलं. केरूनं फुरसं डब्यात टाकलं.

सुट्टी झाल्यावर दोघं मागं राहून उतरत होती. भामाबाई आता मोठ्यानं बोलत होती.

"मिरजंला पेन्शनीचं हापीस कवापास्नं झालं?"

केरूनं डबा या हातातनं त्या हातात घेतला.

"मला म्हाईत हुतं कान गेलाय. पर ह्ये बी ऐकू येत न्हाई, ह्ये न्हवतं म्हाईत."

"उद्या लवकर येतो. समदा चुना पुसतो, दगडं पुन्ना बघतो. कुणाला कळायचं न्हाई."

"अर्धा माळ फराटलाय तुमी. पुसून हुईस्तवर बाया वर येतील. एखादा ऱ्हायला मंजी?"

"लोकं हसतील, भामे. फौजी भैरा झाला म्हनतील."

"हसू द्यात की. फुरसं चावलेली बाई हसायची न्हाई."



दुसऱ्या दिवशी बाया घमेली घेऊन चढायला लागल्या, तर वाटेत केरू आडवा उभा.

"थांबा. कुनीबी वर जायचं न्हाई. मी मारल्याला चुना खोटा हाय. माझा कान गेलाय. खाली फुरसं वाजलं तरी मला ऐकू येत न्हाई."

आधी कुणी हसलंच नाही. बाया हसतील याची त्यानं तयारी ठेवली होती, या न हसण्याची नव्हती.

"कवापास्नं?" मनुबाईनं विचारलं.

"काम निघायच्या आदीपास्नं."

मनुबाईनं घमेलं खाली आपटलं. "आन् आमी तुमच्या भरवशावर हात घालतुया? मला दोन लेकरं हायत, फौजी! तुमची बायकू बी हितंच हाय. तुमाला काय वाटलं न्हाई?"

केरू साहेबासमोर उभा राहावा तसा उभा राहिला. आप्पासो मधे पडले, "जाऊ द्या, चुकलं म्हंतोय की त्यो. पर काम थांबवून कसं भागंल?"

"काम थांबवायचं न्हाई," मनुबाई म्हणाली. "पर चुन्याचं डबडं भामाबाईकडं द्यायचं. ऐकायचं तिनं, मारायचं तिनं. ह्यांनी नुसती दगडं पलटायची."

केरूनं डबडं बायकोच्या हातात दिलं. बिल्ले काढून द्यावेत तसं दिलं. भामाबाईनं ते घेतलं खरं, पण तिचा चेहरा उतरला होता. "मला भ्या वाटतंय," ती त्याच्यापुरतं म्हणाली, आणि अर्थातच त्याला ते ऐकू गेलं नाही.

जुने फराटे पुसत दोघं वर गेली. ऊन चढलं तसं केरूनं पहिल्या दगडावर सळई वाजवली आणि तिच्याकडं बघितलं. तिनं पदर कानामागं सारला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं हात वर केला.

"काय म्हंतंय?"

"लय शिव्या घालतंय," भामाबाई ओरडली.

"कुनाला?"

"आनी कुनाला? तुमालाच!"

खाली उभ्या बाया तेव्हा कुठं हसल्या. मनुबाई नाही हसली. केरूनं भामाबाईला हातानं मागं सारलं आणि दगडाची पलीकडची कड उचलली.