खोली चौदाचा निरोप

त्यांचं नाव मी विचारलंच नाही. आमच्या चॅटवर ते 'खोली १४' होते.

कोपरची ती चाळ बिल्डरला रिकामी हवी होती. नेट कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही संघटनेच्या लोकांनी सगळ्यांच्या फोनात ब्लूटूथवरचं चॅट टाकून दिलं. त्यात निरोप फोनवरून फोनवर जातो आणि आसपासच्या सगळ्यांना दिसतो. एकट्यालाही लिहिता येतं, पण तो जवळपास असेल तरच पोचतं. ठरलं होतं एवढंच, की जेसीबी दिसला की चॅटवर लिहायचं आणि सगळ्यांनी उतरून गेटात बसायचं.

खोली १४ मात्र रोज पहाटे लिहायचे, "नळ आला. उठा." मग खांद्यावर पंचा टाकून, कोण कोण उठलं ते बघत नळापाशी उभे राहायचे.

मी भडकले. "काका, हे लढ्याचं चॅट आहे. पाण्याबिण्याचं टाकायचं नाही. मला विचारल्याशिवाय काहीच टाकू नका."

"अगं ताई, पाणी भरलं नाही तर तुझ्या लढ्याला येणार कोण?" ते हसले. पण दुसऱ्या दिवसापासून गप्प झाले.

त्या सकाळी मी आंबिवलीच्या माझ्या घरून पोचले तेव्हा अर्धी चाळ पडली होती. लोक भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर बसले होते. मी गल्लीत शिरले आणि फोन वाजला. खोली १४चा निरोप, एकट्या मला होता, मी जवळ येईपर्यंत त्यांच्या फोनात अडकून पडलेला.

"ताई, जेसीबी आलाय. सगळ्यांना लिहू का?"

पहाटे पाच दहाचा.

पुढच्या पत्रकात मी लिहिलं की बिल्डरने चाळीचा आवाज दाबला. अर्धंच खरं लिहिलं.