साठ किलोचे भावोजी

आमच्या भावोजींइतका मार खाऊन त्यांच्याइतका कमी मार दिलेला माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मी त्याच्या घरी जाऊन वर्षभर भांडी घासून देईन. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळत. कुंभवलीत आमच्या आळीला तो 'बुक्क्यांचा खेळ' म्हणून माहीत होता आणि मी, दहावीला सेकंड क्लास मिळवून त्या घरात आलेली मोठी सून, त्याला सरळ गुंडगिरी म्हणत असे. पण या गुंडाने रिंगणाबाहेर कधी कुणावर बोट उगारलं नाही. एकदा बोईसरच्या नाक्यावर एक झिंगलेला इसम काही कारण नसताना त्यांच्या अंगावर धावून गेला. भावोजी नुसते मान इकडे, मान तिकडे करत राहिले. सात-आठ ठोसे हवेत मारून तो बिचारा दमला आणि फुटपाथवर बसून रडू लागला. भावोजींनी त्याला पाणी पाजलं, रिक्षात बसवलं आणि घरी येऊन मला सांगितलं, "वहिनी, माणसाचा डावा चांगला हाय, पन पायात काय नाय." ओळखीच्या आणि अनोळखी माणसांकडे पाहण्याची त्यांची ही एकच रीत होती.

ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. त्यामुळे आमच्या घरात कॅलेंडरची गरज नव्हती. सोमवारी भावोजी हळदीच्या नवरदेवासारखे पिवळे येत, गुरुवारी जांभळे, आणि शनिवारी लालभडक. साबण, बेसन, खोबरेल, सगळं करून झालं, पण तो रंग कातडीत मुरलेला, घामाबरोबर बाहेर यायचा. घरातला एकही टॉवेल एका रंगाचा राहिला नव्हता. माहेरची माणसं आली की ते टॉवेल मी पलंगाखाली लपवायची. एका स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत भावोजींचा पांढरा बनियन छातीपासून लाल होत गेला, तेव्हा पंचाने घाबरून लढत थांबवली आणि डॉक्टरला हाक मारली. भावोजी तोंडातलं रबर काढून नम्रपणे म्हणाले, "रगत नाय सर, शनिवारचा माल हाय." सगळं सभागृह हसलं. मीच तेवढी हसले नाही. पदराने तोंड झाकून मागच्या दाराने निघून आले, कारण पुढच्या रांगेत माझ्या माहेरचे, चिंचणीचे एक मास्तर बसले होते.

भावोजींचं सगळं गणित वजनाचं. कारखान्यात पिंपं मोजायचा मोठा काटा होता, त्यावर ते रोज जेवणाच्या सुट्टीत एखाद्या पिंपासारखे उभे राहत. भेटेल त्या माणसाचं वजन ते नजरेने सांगत आणि ते अर्ध्या किलोलाही चुकत नसे. ह्यांच्या एका चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलगी आत गेली. मुलीच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, "कशी वाटली?" आणि भावोजी प्रामाणिकपणे म्हणाले, "अठ्ठेचाळीस किलो, पन उभी ऱ्हाते बेस." लग्न जमलं ते त्यांच्यामुळे की त्यांना न जुमानता, हे अजून ठरलेलं नाही.

सरावाला त्यांना काहीही चालायचं. युरियाच्या गोणीत वाळू आणि चिंध्या भरून ती त्यांनी परसातल्या चिंचेला टांगली होती. माझ्या माहेरून आलेले बोंबील सासूबाई दोरीवर उन्हात घालत, तर भावोजी त्या दोरीखालून वाकत, डोलत, डावीकडून उजवीकडे एकाही बोंबलाला डोकं न लावता पार जायचे. लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई उंबऱ्यात बसून म्हणायच्या, "आरं, वास तरी घे रं, निसता नाचतोस काय!" मी मात्र माहेरी सांगून ठेवलं होतं की माझे दीर कारखान्यात साहेब आहेत आणि त्यांना योगासनांची आवड आहे.

आणखी एक सांगायचं तर त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे बोलायचे, पण खोटं बोलायला लागले की डावी मूठ आपोआप वर येऊन हनुवटीला टेकायची. कालवणातला मोठा खेकडा कुणी संपवला असं सासूबाईंनी विचारलं की भावोजी "मला काय ठावं" म्हणायचे आणि मूठ हनुवटीशी. त्यांना विचारलं तर म्हणत, "भ्यालो की गार्ड वर येतो वहिनी, तो काय माझ्या हातात नाय." स्वतःचाच हात स्वतःच्या हातात नसलेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

आता माझ्याकडे येते. हा भाग लिहायला मला तीस वर्षं लागली.

सासरे अचानक गेले तेव्हा भावोजी बावीस वर्षांचे होते आणि राज्याच्या संघात त्यांची निवड होणार असं सगळे म्हणत होते. त्यांनी हातमोजे खुंटीला अडकवले आणि तोवर ज्या कारखान्यात हंगामी कामाला जात, तिथे कायमचे लागले. पुढे ह्यांची कंपनी बंद पडली, हे घरी बसले, आणि आम्ही सहाजण भावोजींच्या रंगीत हातांवर जगू लागलो. बारा वर्षं ते मोजे खुंटीवर होते. चौतिसाव्या वर्षी एक दिवस त्यांनी ते उतरवले, तेल लावलं, आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "पालघरला निवड चाचनी हाय. पुढल्या वर्सी वय बसनार नाय. येकदा बघतो." सासूबाईंनी त्यांच्या पानात एक भाकरी जास्त वाढली आणि त्यांनी ती उचलून परत टोपलीत ठेवली. त्यांना साठ किलोच्या गटात उतरायचं होतं, आणि काट्यावर भरत होते सहासष्ट.

पुढचे दोन महिने भावोजींनी उकडलेल्या मुगावर काढले. कारखान्यातल्या पिंपात घालतात त्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या शर्टाच्या आत घालून ते पहाटे धावत. घरी आले की पिशवीतून घाम ओतायचा, आणि तो त्या त्या वाराच्या रंगाचा. चाचणीच्या आदल्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेले, तर त्यांनी मला काट्यापाशी नेलं. गालफडं बसलेली, डोळे तेवढे लहान मुलासारखे चमकत होते. "बघा वहिनी, बरोब्बर साठ. आता येक तांब्या पानी प्यालो तरी बाद." मी काटा पाहिला. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्याच आठवड्यात रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. मुलाकडचे मोठे लोक, फोटोग्राफर डहाणूहून यायचा होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र: कुटुंबाचा फोटो, मी मधोमध नव्या साडीत, आणि माझ्या शेजारी एक काळानिळा सुजलेला डोळा. नंतर मी जिला तिला सांगितलं की मला भावोजींच्या जबड्याची काळजी होती, घर त्यांच्या पगारावर होतं, काही झालं असतं तर? काळजी होती, नाही असं नाही. पण ती मला नंतर आठवली. आधी आठवला तो फोटो.

चाचणीच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी चूल पेटवली. शिरा केला, तांदळाच्या दोन भाकऱ्या, वर मोठा तांब्याभर ताक. ताट देवापुढे ठेवलं, उदबत्ती लावली, आणि भावोजी पाया पडायला आले तेव्हा तेच ताट पुढे केलं. म्हटलं, कुलदैवताचा नैवेद्य आहे, तुमच्याच नावाचा. ते ताटाकडे पाहत राहिले. त्या माणसाने माझा शब्द कधी मोडला नव्हता, आणि देवाचा तर नाहीच.

"वहिनी, परत येऊन खाल्ला तर चालंल काय?"

"तोवर देवाला उपाशी बसवू का?" मी म्हणाले.

हे वाक्य मी म्हटलं. असा आवाजसुद्धा काढला की जणू मीच दुखावले आहे. भावोजी पाटावर बसले आणि त्यांनी ते सगळं खाल्लं, तांब्या उलटा करून शेवटच्या थेंबापर्यंत, कारण प्रसाद टाकायचा नसतो. मग माझ्या पाया पडून पालघरच्या एसटीत बसले.

काट्यावर ते सातशे ग्रॅम जास्त भरले. वजनाची वेळ संपेपर्यंत ते प्लास्टिकच्या पिशव्या घालून मैदानाला फेऱ्या मारत होते, असं त्यांच्याबरोबर गेलेल्या वस्तादांनी सांगितलं. थुंकले, ओकले, कपडे उतरवले. शेवटी थोडंच राहिलं तेव्हा मैदानाबाहेरच्या न्हाव्याकडून डोक्याचा चकोट करून घेतला. तरीही काटा साठाच्या वरच होता. न लढताच ते बाद झाले. दुपारी घरी आले ते तुळतुळीत डोक्याने, आणि सासूबाईंनी त्यांना फाटकात पाहून असा हंबरडा फोडला की अर्धी आळी आमच्याकडे मयत झालं समजून धावली. भावोजी त्यांना थोपटत म्हणत होते, "आये, कुनी मेलं नाय. वजन भरलं नाय, येवडंच."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही आणि टाळलंही नाही. पाणी मागितलं, मी दिलं, ते घटाघट प्यायले.

देव मात्र माझ्यासारखा विसराळू नाही. साखरपुड्याला माझ्या शेजारी उभे राहिलेले भावोजी डोळ्याने अगदी ठीक होते आणि डोक्याने संपूर्ण गुळगुळीत. शुभकार्यात मुंडण केलेला माणूस! मुलाकडची प्रत्येक बाई मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत होती, "कोण गेलं हो तुमच्यात?" मी काही ना काही उत्तर देत राहिले. काय गेलं होतं ते मला एकटीलाच ठाऊक होतं. तो फोटो आजही आमच्या ओसरीवर आहे. मी नव्या साडीत मधोमध, आणि भावोजींचे दोन्ही डोळे स्वच्छ. दर दिवाळीला मी त्याची काच पुसते आणि साडीकडे न बघता खाली उतरते.

पुढे भावोजींनी कारखान्यातली नोकरी निवृत्तीपर्यंत केली. मोजे परत खुंटीवर गेले. रेशनच्या रांगेत त्यांची मान अजून डोलते, नातीच्या मैत्रिणींची वजनं ते अजून बरोबर सांगतात आणि त्या पोरी आमच्याकडे यायच्या बंद होतात. गेल्या महिन्यात नातीनेच आम्हा दोघांना बोईसरला सिनेमाला नेलं, दुपारच्या खेळाला. एका खऱ्या मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यावरचा सिनेमा होता. घरची गरिबी, सुटलेला खेळ, आणि वय झाल्यावर परत रिंगणात उतरणं. पहिला ठोसा पडला आणि भावोजी खुर्चीत डावीकडे झुकले, दुसऱ्याला उजवीकडे. मागच्या गृहस्थांनी वैतागून म्हटलं, "चाचा, थोडा सीधा बैठो ना." भावोजी म्हणाले, "सीधा बैठेगा तो लगेगा ना." आजूबाजूचे हसले. मीही हसले.

मग सिनेमातल्या नायकाचं वजन कमी करायचे दिवस आले. त्याच्या वहिनीने तीन दिवस चुलीवर मुगाखेरीज काही शिजवलं नाही. फोडणीचा वास त्याच्या नाकात जाऊ नये म्हणून घरातली पोरंबाळंसुद्धा उकडलेले मूग खात बसली होती. काट्यावर तो बरोबर उतरला तेव्हा सगळ्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. भावोजींनीही वाजवल्या, जोरात, रबरासारख्या त्या जाड तळव्यांनी. मी पदर तोंडावर घेतला. नात कानाशी म्हणाली, "आजी, अगं सिनेमा आहे तो." आणि मला त्या अंधारात कुणीतरी उचलून बाहेर ठेवावं असं झालं.

परतताना नात स्कूटीवर पुढे गेली आणि आम्ही दोघं रिक्षात बसलो. कारखान्यांच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी म्हटलं, "भावोजी, त्या दिवशीचा नैवेद्य देवाचा नव्हता."

ते बाहेर बघत होते.

"मला साठाचं माहीत होतं. तुम्हीच दाखवला होता काटा. मी फोटोसाठी केलं ते. डोळा सुजलेला नको म्हणून."

मग भावोजी हसले, अगदी मोकळं.

"तुमी बी ना वहिनी! शिऱ्यानं काय होतंय? पालघरला उतरलो नि स्टँडबाहेर दोन पलेट भजी हाणली मी. दोन म्हयन्यांची भूक, आवरलीच नाय. वर दोन कप च्या. वस्तादला बी सांगितलं नाय कदी. आन तुमी इतकी वर्सं देवाला मधी घेऊन बसल्या."

इतक्या सहज म्हणाले की मला क्षणभर खरंच वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं. तीस वर्षं मी उगाचच स्वतःला खात होते, भज्यांनी घात केला होता, मी नव्हे. मी हसून त्यांच्याकडे वळले.

त्यांची डावी मूठ वर आलेली होती, हनुवटीला टेकलेली. म्हातारी, शिरा फुगलेली मूठ, नखांच्या कडांना अजून थोडा पिवळा रंग. भावोजी समोर रस्त्याकडे बघत होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

घर येईपर्यंत तो हात खाली आला नाही.