मनोरीची चक्कर आणि काकींची परवानगी

सायकल चालवताना जेवढे किस्से होत नाहीत, तेवढे सायकल कुठे न्यायची हे ठरवताना होतात! आमच्या ग्रुपचे तर सगळे किस्से ठरवण्याचेच. ठाण्यात कोपरीतल्या चहाच्या टपरीवर आम्ही चौघं जमतो. बँकेतली मेधा, जिममध्ये ट्रेनर असलेला प्रशांत, कारखान्यातून रिटायर झालेले कांबळेकाका आणि चष्म्याचं दुकान चालवणारा मी.

या वर्षीचा बेत एका दिवसाचा. घोडबंदर रोडने भाईंदर, तिथून उत्तन, गोराई, मनोरी, मग बोटीत सायकली टाकून मार्वे आणि संध्याकाळी परत ठाणे.

* * *

पहिलं भांडण दिशेवरून. मेधा म्हणाली, "आधी मार्वेला जाऊया. शहराची गर्दी सकाळीच मागे पडते."

प्रशांतचा चेहरा पडला. "ताई, मग मनोरी आठ वाजता येते. सकाळी आठला सुरमईची थाळी कोण देणार?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी मेधाने एक्सेलमध्ये दिशा बदलली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सुरमई'.

* * *

मग रस्ता बघून यायला मेधाने प्रशांतला आणि मला स्कूटरवर पाठवलं. उत्तनला एक आजी बोंबील वाळत घालत होत्या. मी विचारलं, "आजी, पुढे चढ आहे का हो?"

आजींनी मान वर न करता सांगितलं, "जाताना चढ हाय, येताना उतार हाय. तुमाला कंचा पायजे?"

आम्ही दोन किलो सुके बोंबील घेऊन परत आलो. मेधाने वही उघडली. "बोला, रस्ता कसा आहे?"

प्रशांत म्हणाला, "एकदम कुरकुरीत!"

* * *

खरी अडचण पुढेच होती. गेल्या वर्षी काकांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सायकलला केव्हाच हो म्हटलंय, पण शोभाकाकींनी नाही. आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो, तर काका स्वतःच्याच सोफ्यावर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले.

मी म्हटलं, "काकी, डॉक्टर हो म्हणालेत."

"त्या दिवशी ह्यांना रिक्षात घालून डॉक्टरांनी नव्हतं नेलं," काकी म्हणाल्या. "मी नेलं होतं. एकटीने."

आम्ही चहा पिऊन उठलो. काका जिन्यापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "अरे, कारखान्यात तीस वर्षं मी सायकलने गेलेलो. आता भाजी आणायला गेलो तरी ही खिडकीत उभी असते. मला एकदाच बघायचंय रे, मी अजून माणूस आहे की नुसता पेशंट." मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं आणि खिडकीतल्या काकींसाठीही.

* * *

आठवड्याने काकींचा मेधाला फोन आला. "प्रत्येक थांबा लिहून द्या. जागा कुठली, किती वाजता, किती मिनिटं. मग बघते."

असं काम म्हणजे मेधाची दिवाळीच! तिने अकरा थांबे काढले. भाईंदरचा पूल, सहा पन्नास, दहा मिनिटं. गोराई, बंद दुकानाची पायरी, साडेनऊ, पंधरा मिनिटं. काकींना यादी द्यायला गेलो, तेव्हा ती बघून प्रशांत म्हणाला, "काकी, यात सायकल कधी चालवायची?"

काकींनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या ह्यांना."

* * *

रविवारी पहाटे निघालो. काका मस्त चालवत होते, चढाला मात्र शहाण्यासारखे उतरून चालत होते. आणि उत्तनच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं.

"किट काढा," मी म्हटलं.

मेधाने बॅग उघडली. आत जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचं पाकीट. प्रशांतने उघडली, त्यातही तेच पाकीट. माझ्याकडे तेच. काकांच्या खिशात तर होतंच. काकांच्या काळजीने चार जणांनी चार पाकिटं आणलेली आणि पंप कोणीच नाही!

काका म्हणाले, "एक गोळी टायरखाली ठेवून बघ."

गावातलं पंक्चरचं दुकान बंद. मालक चर्चमध्ये गेलेला. प्रार्थना संपल्यावर तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला, बाह्या दुमडल्या, चाक करून दिलं. पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, "रविवारी मी दुकान उघडत नाही. म्हणजे हे झालंच नाही."

या सगळ्यात दीड तास गेला. काका काकींना फोन लावत होते. रिंग जायची, पण कोणी उचलत नव्हतं. काकांचा चेहरा उतरला. "रागावली बहुतेक," ते म्हणाले. "ही शेवटचीच सायकल समजा."

* * *

गोराईला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बंद दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, पर्स मांडीवर घेऊन शोभाकाकी बसल्या होत्या. दोन बस आणि एक रिक्षा करून त्या साडेनऊच्या आधीच आलेल्या. फोन पर्समध्ये तळाशी होता. डोळे सारखे रस्त्याकडे, त्यामुळे तो ऐकूच आला नव्हता.

आम्ही चौघं शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे उभे. पंक्चरचं सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या उठल्या, काकांजवळ गेल्या आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, त्यांच्या घामाने भिजलेल्या शर्टावर छातीपाशी तळहात ठेवला. तसाच ठेवला, बराच वेळ. काका हलले नाहीत.

मग काकींनी हात काढला, पदराला पुसला आणि मेधाकडे वळल्या.

"पुढच्या वेळी थांबे ठरवशील ना, तेव्हा जरा सावली बघत जा गं. मला बसायचं असतं."