राजेसाहेबांचा फ्लेक्स

“वाढदिवस कोनाचा हाय बे?”

“कोन्या राजाचा हाय म्हनते. केक आला नाही अजून.”

अकोल्याच्या जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर दोघं जण मान वर करून बोलत होते. मीही वर पाहिलं आणि माझा चहा ओढणीवर सांडला. समोरच्या सभागृहाच्या दारावर आमच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स लागला होता. मधोमध माझ्या मैत्रिणीच्या देशाचा राजा, मागे गर्जना करणारा सिंह, आणि वर हातभर अक्षरांत: ‘राजेसाहेबांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!’ खाली शुभेच्छुक म्हणून अंडाकृती चौकटींत माझे काका, काकांचं मित्रमंडळ, मी, आणि गॉगल लावलेली माझी मैत्रीण.

आम्ही त्या राजाच्या विरोधात जमणार होतो.

मैत्रीण अमरावतीला माझ्याच होस्टेलमध्ये राहते. आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाची. देशाचं नाव लिहीत नाही, तिची आई अजून तिथेच असते. तिथे राजा बोलेल तो कायदा, राजकीय पक्ष काढायलाही बंदी. तिचा भाऊ शाळेत शिक्षक. गावच्या सभेत ‘आम्हाला निवडणूक हवी’ एवढंच बोलला आणि तुरुंगात गेला. सोमवारी त्याच्या जामिनाची सुनावणी होती. बाहेरचं जग बघतंय हे दिसलं तर काही आशा आहे, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. म्हणून त्याच्या बाजूने असलेले देशोदेशीचे लोक शनिवारी, मुद्दाम राजाच्या वाढदिवशीच, आपापल्या गावातून घोषणांचे व्हिडिओ पाठवणार होते. इकडून पाठवणार होती ती. आणि तिच्या सोबतीला मी, जिचं ऑटोवाल्याला ‘इथेच थांबवा’ म्हणून होईपर्यंत पुढचा चौक येतो.

म्हणून मी काकांना सांगितलं. काका वकील आहेत. जगाच्या पाठीवर कुठेही अन्याय झाला की काका निवेदन घेऊन अकोल्याच्या कलेक्टर कचेरीत हजर. “तू फक्त पाहुणीले घेऊन ये,” ते म्हणाले, “बाकी मी पाहतो.” पाहिलं म्हणजे त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला. शनिवारी राजाचा वाढदिवस आहे, त्या दिवशी आपला कार्यक्रम आहे, फोटो पाठवतो. वर्षभर नेत्यांचे वाढदिवस छापणाऱ्या माणसाला एवढं पुरलं.

मैत्रिणीला मराठी वाचता येत नाही. ती फ्लेक्सखाली उभी राहून हौसेनं सेल्फी काढत होती. “केवढा मोठा केलाय! काय लिहिलंय?” तिने इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सिंहाकडे, आणि पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “राजवाड्यानेसुद्धा त्याला एवढा सिंह कधी दिला नसेल.” मग तिने सेल्फी पुसून टाकली. “हा फोटो माझ्या भावापर्यंत पोचला असता तर?”

तेवढ्यात काका आले, आणि त्यांच्यामागे स्कूटरवर फ्लेक्सवाला.

“मी तुले फोटोवर फुली माराले सांगतली होती ना रे?”

“वकीलसाहेब, वाढदिवसाच्या दिवशी मानसावर फुली मारू? अपशकुन नाही का होत? उलट मुकुट मी माह्या मनानं टाकला. साधाच दिसत होता बिचारा.”

फ्लेक्स उतरवून उलटा टांगला. मागची बाजू पांढरी असते. शेजारच्या हार्डवेअरमधून काळा ऑइलपेंट आला, ब्रश माझ्या हातात आला, आणि काका मजकूर सांगू लागले. ‘समस्त अकोलेकर व तमाम लोकशाहीप्रेमी वऱ्हाडवासीयांच्या वतीने जाहीर’ इथपर्यंत येईतो जागा संपत आली. कोपऱ्यात ‘निषेध’ कसाबसा बसला. कशाचा, ते बसलं नाही.

पण सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचली होती ती पहिली बाजू. त्यामुळे सभागृह भरलं. काकांच्या कुठल्याही निवेदनाला एवढी माणसं कधी आली नव्हती. पाहुणीला शाल दिली, नारळ दिला. “याचं काय करायचं?” तिने कुजबुजत विचारलं. “धरून ठेव,” मी म्हटलं. दुसरं कोणालाच कधी काही सुचलेलं नाही.

काका प्रास्ताविकात जगातल्या सगळ्या राजांना एकेक करून खाली उतरवत होते. मैत्रिणीच्या राजाची पाळी येईपर्यंत संध्याकाळ झाली असती. मैत्रिणीने हळूच मला खूण केली: घोषणा कधी? मी काकांना खूण केली. काकांनी मंडळाच्या एका दणकट आवाजाच्या कार्यकर्त्याकडे माइक दिला. मैत्रिणीने एका हातात नारळ सांभाळत दुसऱ्या हाताने व्हिडिओ सुरू केला.

कार्यकर्त्याने छाती भरून श्वास घेतला. उभ्या आयुष्यात जे म्हणत आला, तेच त्याच्या तोंडून निघालं.

“राजेसाहेब, तुम आगे बढो!”

“हम तुम्हारे साथ हैं!” सगळं सभागृह गरजलं.

एवढी हिंदी तिला अमरावतीच्या बाजारात फिरून कळायला लागली होती. फोन हळूहळू खाली आला. या वेळी ती हसली नाही. मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. ती नारळाकडे बघत राहिली.

काका हात हलवून त्याला थांबवत होते. त्याला वाटलं, आवाज कमी पडतोय. तो आणखी जोरात ओरडला. लोकही.

मी शाळेत इंग्रजी बोलले आणि घरी वऱ्हाडी. चारचौघांत मात्र आधी मनात वाक्य जुळवते, तपासते, आणि तोवर विषय संपलेला असतो. त्या दिवशी स्टेजच्या तीन पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही. माइक घामाने ओला होता एवढं आठवतं. कार्यकर्ता “अरे ताई, घ्या ना, घ्या” म्हणत बाजूला झाला. समोर माणसंच माणसं, आणि वाक्य काही जुळवलेलं नव्हतं. मैत्रिणीकडे बोट दाखवून मी तिला फोन वर धरायला सांगितलं.

“राजाले राहू द्या न बाप्पा! हिचा भाऊ जेलात हाय. निवडनूक घ्या म्हनला, म्हून जेलात हाय. आता मी सांगतो तसं म्हना, सगळ्याईनं, जोरात: हिच्या भावाले सोडा!”